गांवचें मैदान आणि सरकारी तिजोरी

भंडारा जिल्ह्याचें नांव निघालें कीं ऐकणाराच्या मनांत प्रथम तळीं येतात, मग धानाच्या बांध्या आणि त्यानंतर तुमसर भागांतील मँगनीजच्या खाणी. जिल्ह्याचा इतिहास लिहिणारांनींही बहुधा हाच क्रम धरलेला आहे. तळें कोणीं बांधलें, त्याचें पाणी कोणाच्या शेतांत गेलें, जमिनीचा सारा किती ठरला, याची नोंद दप्तरांत सांपडते. पण दिवसभर बांधींत राबणारा माणूस संध्याकाळीं कोठें कुस्ती खेळत होता, धान घरांत आल्यावर कोठें बैल पळवीत होता आणि त्या जागेचा मालक कोण होता, याची विचारपूस फारशी झालेली नाहीं. वास्तविक सार्वजनिक पैसा खेळाच्या आणि करमणुकीच्या वांट्यास केव्हां व कसा आला हें समजून घ्यावयाचें, तर सुरुवात या मालकीपासूनच केली पाहिजे. कारण इकडील सरकारांनीं, राज्यकर्ते गोरे असोत वा आपले, खेळास रोख पैसा फार थोडा दिला. दिली ती जागा, आणि काढून घेतली तीही जागाच.

नागपूरकर भोंसल्यांचें राज्य १८५३ सालीं इंग्रजांनीं खालसा केलें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत हा नवा प्रांत निर्माण झाला. शेजारच्या वऱ्हाडांत रयतवारी होती. तेथें शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशीं. भंडाऱ्याकडे मात्र मालगुजारी कायम झाली. भोंसल्यांच्या अमदानींत जो केवळ साऱ्याची वसुली करून देणारा होता, तो नव्या बंदोबस्तानें गांवचा मालक ठरला. लागवडीच्या जमिनीवर कुळांचे हक्क होते. परंतु पडीत, झुडुपी रान आणि बहुतेक तळीं हें सारें मालगुजाराचें. गांवकऱ्यांचे निस्तारहक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नांवाच्या कागदांत लिहून ठेवीत. गुरें कोठें चरावीं, जळण कोठून आणावें, घराला लांकूड किती मिळावें, अशा गोष्टींचा तो कागद. म्हणजे पोटाचा आणि चुलीचा. खेळ चालला तो रूढीनें आणि मालकाच्या मर्जीनें.

मर्जी बहुधा असे, हेंही सांगितलें पाहिजे. गांवांत नांवाजलेला पैलवान असणें, पटांत आपली जोडी पहिली येणें, यांत मालकाचीही अब्रू होती. धानाची कापणी-मळणी आटोपली कीं रिकाम्या रानांत शंकरपट भरे. हलक्या छकड्यास जुंपलेली बैलांची जोडी, तिच्यामागें जिवावर उदार झालेला धुरकरी, दोहों बाजूंस दाटलेला समुदाय आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच संपणारी शर्यत, असा तो प्रकार. पट पाहावयास आलेले पाहुणे रात्रीं लगेच परतत नसत; त्यांच्यासाठीं दंडार, खडी गंमत किंवा नाटक होई. झाडीपट्टीची रंगभूमि म्हणून आज जिचें शहरांतूनही कौतुक होतें, ती बऱ्याच अंशीं या पटांच्या आणि मंडईच्या आधारानें वाढलेली आहे. मंडई म्हणजे शहरांतला भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर एकेका गांवानें आपापला दिवस धरून भरविलेला तो मेळा. त्यांत दुकानें मांडतात, सासरीं गेलेल्या मुली माहेरीं येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्र नाटकांत जाते. या सर्वांचा खर्च कसा भागे? कोणी पैसा देई, कोणी धान देई, मालगुजार जागा देई. अध्यक्ष नाहीं, चिटणीस नाहीं, घटना नाहीं. गांव हीच संस्था, आणि पंचांचा शब्द हाच तिचा हिशेब.

हें जग एकीकडे चाललें असतां दुसरीकडे कचेऱ्यांचें नवें जग उभें राहत होतें. भंडारा शहराची नगरपालिका १८६७ सालची. त्यानंतर चौतीस वर्षांनीं, १९०१च्या शिरगणतींतही, शहराची वस्ती सुमारें १४,००० एवढीच होती. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८ मे १८८२ रोजीं निघाला आणि पाठोपाठ १८८३ सालीं मध्यप्रांतासाठीं स्वतंत्र कायदा होऊन जिल्हा कौन्सिलें व लोकल बोर्डें आलीं. त्यांचें उत्पन्न म्हणजे साऱ्याबरोबर वसूल होणारे उपकर आणि कोंडवाड्यांचा पैसा; त्यांचा खर्च म्हणजे सडका, प्राथमिक शाळा आणि दवाखाने. या जमाखर्चांत आखाडा बसावा तरी कोठें? त्याला एकच दार मोकळें होतें, तें शाळेचें. शाळेला पटांगण लागतें, पटांगणावर कवाईत होते, आणि कवाईतीचा मास्तर संध्याकाळीं गांवच्या पोरांना हुतूतू खेळवितो. लोकल बोर्डाचा पैसा खेळापर्यंत पोंचे तो असा आडवळणानें.

स्थानिक संस्थांच्या कायद्यांत आणखी एक खोंच आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यांत कामांची दोन कलमें केलीं: ६१व्या कलमांत आवश्यक कर्तव्यें, ६३व्यांत ऐच्छिक. गटारें, दिवे, झाडलोट हीं पहिल्यांत. बागा व क्रीडांगणें दुसऱ्यांत. ही वाटणी पुढें रूढच झाली आणि १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यांतही ती राहिली. ऐच्छिक हा शब्द दिसावयास मोठा उदार आहे. परंतु ज्या संस्थेच्या तिजोरींत गटारांनाच पैसा पुरत नाहीं, तिची इच्छा ती काय असणार! श्रीमंत शहरांत हें कलम फळतें; भंडारा, पवनी, तुमसर यांसारख्या शहरांत तें बहुधा कागदावरच शोभतें.

सरकारनें खेळाला जागा देणें म्हणजे काय, याचा खरा धडा मुंबईनें घेतला. बाँबे जिमखाना १८७५ सालीं स्थापन झाला, तो केवळ युरोपियनांचा. एस्प्लनेडच्या मैदानाचा जो भाग एतद्देशीय क्रिकेट खेळणारांच्या वांट्यास होता, त्यावर गोऱ्या साहेबांचा पोलो होई आणि घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडून जाई. १८८१ सालीं तरुणांनीं सरकारकडे दाद मागितली. शापुरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटच्या इतिहासांत ही तक्रार मोठ्या तळमळीनें मांडली आहे. सरकारनें एकदां घोडे हलविले आणि पुन्हां येऊं दिले. वाद मिटला तो न्यायानें नव्हे, जागेनें: केनेडी सी-फेसवर समुद्रालगत पारशांना १८८७ सालीं तुकडा मिळाला आणि पुढें लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असतां, म्हणजे १८९० ते १८९५ या काळांत, हिंदूंना व मुसलमानांना शेजारचे तुकडे मिळाले. हिंदु जिमखाना १८९४ सालचा. शेट गोवर्धनदास परमानंददास जीवनदास यांच्या देणगीमुळें तो परमानंददास जीवनदास यांच्या नांवानें चालतो. सरकारची जमीन आणि शेटजींचा पैसा, असा हा संसार.

मात्र जमीन जातवार दिली म्हणून क्लबही जातवारच वाढले. १९०७ सालीं हिंदू सामन्यांत उतरले, १९१२ सालीं मुसलमान आले, १९३७ सालीं बाकीच्यांचा पांचवा संघ झाला, आणि देशांतलें सर्वांत लोकप्रिय क्रिकेट धर्माच्या नांवानें खेळलें जाऊं लागलें. डिसेंबर १९४० मध्यें हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि सल्ला विचारण्यास वर्ध्यास गांधीजींकडे आले, तेव्हां त्यांनीं असे सामने आपणांस पसंत नसल्याचें सांगितलें. १९४६ सालीं ते बंद पडले. लोकांच्या मनांत भेद होते म्हणून सामने तसे झाले हें खरें. पण सरकारी जागेच्या पट्ट्यांनीं त्या भेदांना कुंपण घालून दिलें, हेंही तितकेंच खरें. अनुदान देणारा हात ज्या आकाराचा असतो तोच आकार घेणाऱ्या संस्थेला येतो. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीमैदान उभारलें, तेथें तालमींचा आकार पेठांवर ठरला आणि कुस्ती सर्व जातींची झाली. तीही जागाच, पण देण्याची रीत निराळी.

मध्यप्रांत-वऱ्हाडांत खेळाचें जें मोठें काम झालें तें सरकारी कचेरींतून नव्हे, तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळांतून. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं तें काढलें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ जगापुढें करून दाखविले. त्याच्या उन्हाळी वर्गांतून शिकून गेलेले शिक्षक प्रांतभर पसरले, आणि शाळेच्या दारानें खेळ शिरण्याची जी वाट वर सांगितली, ती त्यांनींच रुंद केली. सरकारें जागीं झालीं तीं १९३७च्या सुमारास. विलायतेंत त्या वर्षीं शारीरिक शिक्षण व करमणूक यांसंबंधीं कायदा होऊन स्थानिक संस्थांना मैदानें व व्यायामशाळा बांधण्याची आणि क्लबांना मदत करण्याची मोकळीक मिळाली. इकडे मुंबईंत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली व १९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू झाली. नागपुरांत त्याच काळीं रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना निघाली; तिचा आधार असा कीं शाळेनें दानांत मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर उभें राहावें. तिजोरी रिकामी असली कीं राज्यकर्त्यांना जमीन आठवते, ही खूण येथेंही दिसते.

गंमतीची गोष्ट ही, कीं करमणुकीस देण्यापूर्वीं तिच्याकडून घेण्याची तजवीज आधीं झाली होती. मुंबई इलाख्यांत करमणूक कर १९२३ सालीं आला. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३६ सालीं. पुढें राज्यघटनेच्या राज्यसूचींत खेळ व करमणूक यांचा समावेश ३३व्या नोंदींत झाला आणि त्यांवरील कराचा ६२व्या नोंदींत. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां हा कर राज्याच्या हातून गेला. परंतु पंचायतीनें किंवा नगरपालिकेनें स्वतः बसविला तर बसवावा, एवढी मुभा ठेवली आहे. गांवच्या करमणुकीवर कर घेण्याचा अधिकार जितक्या स्पष्ट शब्दांत लिहिला गेला, तितक्या स्पष्ट शब्दांत तिच्यावर खर्च करण्याची जबाबदारी कोठेंही लिहिलेली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याची कारभाराची चौकट चौदा वर्षांत तीनदां मोडली व जोडली गेली. द्वारकाप्रसाद मिश्र यांनीं आंखलेली जनपद योजना १९४८च्या कायद्यानें आली. तींत जिल्हा कौन्सिल जाऊन तहसील हा घटक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू होऊन जनपदांचा अवतार संपला. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि नवेगांवासारखें तळें त्याबरोबर तिकडे गेलें. परंतु खेळाच्या दृष्टीनें या सर्व तारखांहून महत्त्वाची तारीख ३१ मार्च १९५१ ही आहे. त्या दिवसापासून मालकी हक्क नष्ट करणारा कायदा अमलांत आला आणि मालगुजारांचीं तळीं, राने व पडीत जमिनी सरकारजमा झाल्या.

हा कायदा न्यायाचा होता यांत शंका नाहीं. शेंकडों गांवांवरची एका घराण्याची सत्ता त्यानें संपविली. पण मर्जीवर चालणाऱ्या गोष्टी मर्जीबरोबर गेल्या, त्यांचें काय? तळ्यांचें एक बरें झालें. पाण्यावर पीक अवलंबून, म्हणून त्यांची मोजदाद झाली, त्यांच्यासाठीं खातें आलें आणि ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोकांनीं त्यांना ‘मामा तलाव’ असें लाडकें नांवही दिलें. खेळाच्या मोकळ्या जागेला असें खातेंही मिळालें नाहीं आणि नांवही नाहीं. ती सरकारी पडीत म्हणून राहिली. कोठें तीवर घरें आलीं, कोठें गोदाम, कोठें शेती. महाराष्ट्राच्या १९६६च्या जमीन महसूल कायद्यांत सार्वजनिक उपयोगासाठीं जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु राखावयाची तर कोणीतरी मागावी लागते. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पंजाबांतील एका प्रकरणांत गांवाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें हटविण्याचा निकाल दिला आणि महाराष्ट्र सरकारनें १२ जुलै २०११ रोजीं त्याला अनुसरून आदेश काढला. तोंवर मालगुजारी जाऊन साठ वर्षें झालीं होतीं.

शहरांतली तऱ्हा निराळी, पण शेवट तोच. १९६६च्याच प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानें शहराच्या विकास आराखड्यांत क्रीडांगणासाठीं जागा आरक्षित करतां येते. नकाशावर ती हिरव्या रंगानें शोभते. मात्र त्याच कायद्याचें १२७वें कलम असें आहे, कीं १० वर्षांत ती जागा संपादन झाली नाहीं आणि मालकाच्या नोटिशीनंतरही मुदतींत कारवाई झाली नाहीं, तर आरक्षण सुटतें. मालकावर अन्याय होऊं नये हा हेतु रास्त आहे. पण लहान नगरपरिषदेजवळ मोबदल्याचा पैसा नसतो. दहा वर्षें हां हां म्हणतां जातात, आणि ज्या पोरांनीं त्या जागेवर चेंडू टाकला त्यांचीं पोरें रस्त्यावर खेळतात.

आतां रोख अनुदानाकडे वळूं. व्यायामशाळा बांधणें, तिला साहित्य देणें, क्रीडांगण सपाट करून कुंपण घालणें, यांसाठीं राज्य सरकारच्या योजना आहेत आणि त्या जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत चालतात. अर्ज करणारी संस्था नोंदलेली हवी, जागेच्या हक्काचा कागद हवा, हिशेब तपासलेले हवेत. नोंदणीचा कायदा १८६०चा. सात माणसांनीं एकत्र येऊन सही केली कीं संस्था जन्मते. सार्वजनिक पैसा ज्याच्या हातीं द्यावयाचा त्यानें नांव-गांव आणि हिशेब द्यावा, यांत गैर कांहींच नाहीं. तरी या अटींनीं जिल्ह्यांतील करमणुकीची दोन भागांत वांटणी झाली. शहरांतलें मंडळ, ज्यांत एखादा वकील वा शिक्षक चिटणीस असतो, तें पहिल्या भागांत पडलें आणि अनुदानास पात्र झालें. शंभर वर्षें वर्गणीवर पट भरविणारें गांव दुसऱ्या भागांत पडलें. त्याच्याकडे जमाखर्चाची वही असेल, जागेचा कागद नसतो. तो पूर्वीं मालगुजाराकडे होता व पुढें सरकारकडे गेला. जिची जागा सरकारनेंच घेतली त्या संस्थेकडे सरकारनें जागेचा दाखला मागावा, यांतील विरोध कोणाही अधिकाऱ्याचा दोष नव्हे. तो १९५१ सालीं न विचारलेल्या प्रश्नाचा परिणाम आहे.

या कोंडींतून वाट काढण्याचा एक चांगला प्रयत्न २००८ सालीं दिल्लीहून झाला. पंचायत युवा क्रीडा आणि खेळ अभियान असें त्या योजनेचें नांव. तींत मंडळाला नव्हे तर ग्रामपंचायतीलाच बीजभांडवल म्हणून १ लाख रुपये आणि तालुक्याच्या पंचायतीस ५ लाख रुपये मिळावयाचे होते. मैदान सांभाळण्यास गांवांतलाच एक स्वयंसेवक, त्याला ‘क्रीडाश्री’ हें गोड नांव. गांव हीच संस्था, ही जुनी कल्पना सरकारी भाषेंत प्रथमच आली. पण एक लाखांत मैदान सपाट होतें, तें पुढें सपाट राहत नाहीं. २०१४ सालीं ही योजना दुसऱ्या अभियानांत विलीन झाली आणि त्यानंतर ‘खेलो इंडिया’चा काळ आला, त्याचा भर निवडक खेळाडू व मोठीं केंद्रें यांवर अधिक आहे.

शंकरपटाची कथा तर याहून वेगळी. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या. जनावरांचे हाल होत होते, ही तक्रार खोटी नव्हती. चाबूक आणि टोंचणी यांचा उपयोग सर्रास होई. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, ती न्यायालयांत अडली, १६ डिसेंबर २०२१ रोजीं शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें दुरुस्ती वैध ठरविली. मधल्या सात वर्षांत नुसते बैल थांबले नाहींत. ज्या पटाच्या रात्रीं नाटक लागे, तो पट नाहीं म्हणून नाटकही नाहीं, अशी गांवें झाडीपट्टींत बरीच निघालीं, आणि वडशाच्या नाटक मंडळ्यांनाही त्याची झळ लागली. पट आतां पुन्हां भरतात. पण त्यासाठीं जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, तारण रक्कम, पशुवैद्याचा दाखला, हें सारें आयोजकानें आणावयाचें. अनुदानाच्या वेळीं ज्या गांवाला संस्था मानलें नाहीं, त्याला जबाबदारीच्या वेळीं आयोजक मानलें आहे.

राज्यघटनेच्या १९९२च्या दोन दुरुस्त्यांनीं पंचायती व नगरपालिका यांच्यासाठीं विषयांच्या याद्या जोडल्या. शहरांसाठींच्या बाराव्या अनुसूचींत १८ विषय आहेत व त्यांत बागा आणि क्रीडांगणें यांचा स्पष्ट उल्लेख आहे. खेड्यांसाठींच्या अकराव्या अनुसूचींत २९ विषय आहेत. मत्स्यव्यवसाय आहे, खादी आहे, ग्रंथालयें आहेत, खेळ हा शब्द मात्र नाहीं. २१वा विषय सांस्कृतिक कार्यें आणि २२वा बाजार व जत्रा. आखाड्याला यांपैकीं कोणत्या रकान्यांत बसवावें हें ग्रामसेवकानें ठरवावयाचें; पटाला बसवितां येईल किंवा नाहीं, याबद्दल दोन मतें होतील. मंडई तेवढी दोन्ही रकान्यांत नीट बसते, आणि दिवाळी झाली कीं ती आपल्या ठरल्या दिवशीं, बहुधा अजूनही वर्गणीवरच, भरते.